हातावरचं मीठ

रोह्यापलीकडच्या त्या डोंगरपायथ्याच्या गावात सरू सून म्हणून आली त्याला पन्नास वर्षं उलटून गेली, तरी गावाने दिलेलं नाव काही पुसलं गेलं नाही. खारातली. आधी खारातली सून, मग खारातली काकी, आणि आता शेंबडी पोरंसुद्धा विचारतात, "खारातली आजी कुठाय?" नाव पडलं ते पहिल्याच दिवशी. नव्या सुनेने केलेली आमटी सासूने चाखली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "पोर एकटी नाय आली गो, खाडी संगती घेऊन आली."

खरंच होतं ते. सरूचा जन्म पेणच्या जुन्या बंदरावरचा. भोगावती नदी जिथे खाडीला मिळायला निघते तिथे काठावर थोडी घरं, मिठाची एक दगडी वखार आणि धक्क्याच्या पायऱ्या. पलीकडे नजर जाईल तिथवर मिठागरं, आणि बांध घालून खाडीच्या हातून सोडवून घेतलेली भातशेतं. भरतीच्या पाण्यावर शिडाचे मचवे वर यायचे, मीठ आणि तांदूळ भरून घ्यायचे आणि ओहोटी लागली की मुंबईच्या वाटेला लागायचे. सरूच्या बापाचं घर वखारीला लागूनच. ओट्यावर मीठ, वाऱ्यात मीठ, वाळत घातलेल्या कपड्यात मीठ. ओठावरून जीभ फिरवली तर घाम कुठला आणि हवा कुठली ते कळायचं नाही.

तिला दिली ती आपल्याच जातीत, पण डोंगराकडे. इथे गोडं पाणी. पावसाळ्यात भात, आणि भात कापलं की त्याच जमिनीच्या ओलीवर वाल. सरू सगळं शिकली. वाल पेरायला शिकली, दव पडलं की शेंग कशी भरते ते शिकली, आमटीत मीठ कमी घालायलाही शिकली. एक खोड मात्र गेली नाही. पुनवेला आणि अवसेला ती अंगणात उभी राहून माहेरच्या दिशेला बघायची आणि म्हणायची, "आता पाणी बांधाला लागलं असंल." की गोठ्यातून तिचा नवरा दत्तात्रेय ओरडायचा, "तिकडचं पाणी राहू दे, इकडची घागर भर!"

वर्षातून एकदा मात्र खाडी आपण होऊन तिच्या दारात यायची. पौषात वालाच्या शेंगा भरल्या की तिचा थोरला भाऊ कान्हू, तिचा दादूस, डोक्यावर खड्यामिठाची गोणी घेऊन यायचा. आधी एसटीने, आणि रेल्वे रोह्यापर्यंत आल्यावर रेल्वेने. तो आला की शेतात पोपटी लागायची. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा उग्र वासाचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मधेमधे बटाटे आणि अंडी, वरून पुन्हा पाला. मग मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या रचून पेटवायचं. शेंगा सरूच्या, मीठ कान्हूचं. मीठ घालायचा मानही त्याचाच.

"शेंग तुमच्या मातीतली असंल दाजी, पण चव आमच्या खाडीची," असं तो दरवर्षी म्हणायचा.

"मग शेंगा आमच्यासाठी ठेवा आणि तुम्ही गोणी चाटा," असं दत्तात्रेय दरवर्षी म्हणायचा.

हे असं चाललं असताना एका वर्षी ती चूक झाली. जाळ पेटायच्या घाईत होता, वारा सुटला होता, आणि सरूने मागचापुढचा विचार न करता हात पुढे केला. "दे रे दादूस, आज मी घालते." कान्हूनेही मूठभर मीठ सरळ तिच्या तळहातावर ओतलं. मीठ असं हातावर द्यायचं नसतं. खाली ठेवायचं आणि समोरच्याने उचलायचं. नाहीतर देणाऱ्याघेणाऱ्यात भांडण होतं, हे तर मिठागरावरच्या रांगत्या पोरालाही ठाऊक. सासू ओरडलीच, "अगो, हातावर नको!" पण तोवर मीठ मडक्यात गेलं होतं. सगळे हसले. त्या रात्रीची पोपटी फार छान झाली होती म्हणे.

पुढच्या आषाढात, अवसेच्या उधाणाला, बंदराकडचा बांध फुटला. बांधाला असं भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. खांड गेली की तिकडची रीत अशी, की त्या बांधाआडचा भात ज्याने ज्याने खाल्ला त्या सगळ्यांनी धावायचं. लेकीसुना, जावई, कुणीही सुटत नाही. माती, पेंढा, तिवरांच्या फांद्या, जे हाताला लागेल ते टाकून पुढच्या भरतीच्या आत भगदाड बुजवायचं. भरती थांबत नाही. कान्हूचा माणूस निरोप घेऊन आला, "दाजींना लगेच पाठव."

आणि इकडे नेमकी लावणी. भाताची रोपं उपटून, मुठी बांधून बांधावर ठेवलेली. उपटलेलं रोपही थांबत नाही. दत्तात्रेय चिखलात उभ्याउभ्या म्हणाला, "एवढं हातातलं उरकतो आणि निघतो." उरकून तो गेला खरा, पण तोवर खारं पाणी शेतभर फिरून बसलं होतं. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की मातीची जीभ बधिर होते, पुढची काही वर्षं भाताला चव घेता येत नाही. कान्हूने दारात आलेल्या मेहुण्याला घरात घेतलं नाही. "बांधाला पाठ दाखवणाऱ्याला ह्या घरात पाणी नाय," एवढंच म्हणाला. दत्तात्रेय तसाच माघारी आला. काय झालं ते सरूने विचारलं, तर त्याने पायाचा चिखल धुतला आणि म्हणाला, "तुझ्या दादूसचं बरोबर हाय. आणि माझंबी."

त्या पौषात मीठ आलं नाही. त्यानंतर कधीच आलं नाही. वर्षं गेली. दत्तात्रेय गेला तेव्हा कान्हूचा मुलगा प्रविण येऊन खाली मान घालून बसला आणि उठून गेला. कान्हू आला नाही. पोपटीत आता दुकानातलं पिशवीतलं मीठ पडायचं. शेंगा त्याच होत्या, पाला तोच होता. सरू एखादीच खायची आणि मडकं नातवंडांकडे सरकवायची.

तर मागच्या पौषातली गोष्ट. सरूची नात मनस्वी रोह्याला कॉलेजात जाते. एका संध्याकाळी ती मोबाईलवरचं काहीतरी आईला वाचून दाखवत होती. "येत्या रविवारी चला, पेणचं जुनं बंदर पाहू या. मुंबईच्या वेशीवरचं नदीकाठचं ऐतिहासिक बंदर, मिठाची वखार, धक्का, आणि मिठागरात आयुष्य घालवलेल्या एका आजोबांशी गप्पा."

सरूआजी चुलीपुढे वाल सोलत होती. हात थांबला.

"आजोबांचं नाव काय लिवलंय?"

"नाव नाही लिहिलं गो आजी. का?"

"काय नाय." मग थोड्या वेळाने, "माझंबी नाव घाल त्यात."

मनस्वी हसायला लागली. "अगं, ते मुंबई-पुण्याचे लोक येतात. चालत फिरायचं असतं. आणि ते तर तुझंच माहेर ना? माहेर बघायला नाव कशाला नोंदवतेस?"

"माहेरी बोलावल्याशिवाय जात नायत," सरूआजी म्हणाली. "बघायला कुणीबी जातं."

रविवारी पहाटे ती निघाली तेव्हा तिच्या हातात चांगली फुगलेली कापडी पिशवी होती. मनस्वीने आत डोकावून बघितलं. वालाच्या शेंगा, आणि वर भांबुर्ड्याच्या पाल्याची जुडी.

"आजी, फिरायला चाललोय की बाजारात बसायला?"

"वजन तुझ्या डोक्यावर दिलंय काय?"

रोह्याहून सकाळची गाडी निघाली. नागोठणं गेलं, कासू गेलं. गाडीत गर्दी नव्हती. खिडकीतून कापलेली शेतं, मधेच वालाचे हिरवे तुकडे, मग हळूहळू जमीन सपाट व्हायला लागली आणि दूर तिवरांची काळपट रेघ दिसू लागली. सरूआजीने खिडकीच्या गजांशी तोंड नेलं आणि ओठावरून जीभ फिरवली.

पेणला रामवाडीच्या एसटी स्टँडाशी सगळे जमले. दहाबारा माणसं असतील. डोक्यावर मोठी टोपी घातलेल्या ठाण्याच्या एक बाई, एक नवं लग्न झालेलं जोडपं, कॅमेरेवाले दोघे. सगळं फिरवून दाखवणारा मुलगा प्रणित, मूळचा इकडचाच, जिते गावचा, आता पनवेलला राहणारा. पोरगा गुणी होता. सरूआजीला बघून तो म्हणाला, "आजी, तुम्हाला एवढं चालवेल ना? नाहीतर रिक्षा करू."

"चालंल. रस्ता वळखीचा हाय," ती म्हणून गेली आणि जीभ चावून पदर कपाळावर ओढला.

पण रस्ता ओळखीचा राहिला नव्हता. जिथे बैलगाड्यांची रांग लागायची तिथे गणपतीचे कारखाने होते. दारादारात रंग न दिलेले पांढरे गणपती उन्हात वाळत बसलेले. नदी तेवढी तीच. तीही अंग चोरून वाहत होती. ओहोटी होती, पात्रात चिखल चमकत होता. धक्क्याच्या पायऱ्या गाळात बुडाल्या होत्या, वरच्या काही तेवढ्या दिसत होत्या, आणि त्यांच्या फटींतून तिवराची रोपटी वर आली होती. प्रणित सांगत होता, "आज महामार्गाने मुंबई दोन तासांवर आहे. तेव्हा मुंबई एका ओहोटीवर होती. इथला माणूस घड्याळ बघून नव्हे, पाणी बघून निघायचा."

सरूआजी सगळ्यांच्या मागे उभी होती. तिला आठवत होतं ते वेगळंच. ह्याच पायरीवर तिची आई ओली पाटी पालथी घालून बसायची आणि मुंबईहून आलेल्या मचव्याच्या तांडेलाला विचारायची, "काय रं, बंदरात काय नवीन?" आणि तो दर खेपेला म्हणायचा, "मावशे, तुझ्यावाचून सगळं जुनंच." आई दगड उचलायची. सरूला हसू आलं. टोपीवाल्या बाईंनी वळून बघितलं तसं तिने ते खोकल्यात घालवलं.

वखार उभी होती. छपराला पत्रे आले होते, आणि अर्ध्या भागात कुणीतरी मूर्तींचा कारखाना थाटला होता. मिठाच्या जागी गणपती, तेही पांढरेच. तिथून वळलं की घर. घराला आता रंग होता, लोखंडी फाटक होतं. ओटा मात्र तोच. आणि ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत, इस्त्रीचा सदरा घालून, जाड भिंगांचा चष्मा लावून तिचा दादूस बसला होता.

सरूआजीने मनस्वीचा दंड धरला.

"आजी, हे..."

"गप."

मनस्वीला काय समजायचं ते समजलं. तिने आजीच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला, पण आजीने ती सोडली नाही.

"हे कान्हूबाबा," प्रणित म्हणाला. "जन्म मिठागरात गेला. इथली मिठागरं बंद झाली, पण बाबा अजून घरापुरता मिठाचा एक वाफा राखून आहेत. बाबा, राम राम! आज पावणे पुष्कळ आणलेत."

"येऊ दे, येऊ दे. पावण्यांना ओटा कमी पडला तर खाडी हाय," कान्हू म्हणाला. आवाज म्हातारा झाला होता, पण ठसका तसाच. "नमिता, च्या टाक गो. प्रविण कंपनीत फर्स्ट शिफ्टला गेलाय, नायतर त्यानं बसायला सतरंजी काढली असती. आता ह्या म्हाताऱ्याला वाकाया येत नाय." आतून सुनेचा होकार आला.

कान्हू रंगात येऊन सांगू लागला. वाफ्यात पाणी कसं घ्यायचं, ऊन कसं ओळखायचं, मिठाची कळी कशी धरते. टोपीवाल्या बाईंनी विचारलं, "बाबा, तुम्ही मचव्यातून मुंबईला गेला होता का हो?"

"किती येळा! शिडाच्या काठीवर बसून गेलोय. तांडेल म्हणायचा, कान्हू असला की वारा लागतो."

सरूआजीने पदराचा बोळा तोंडात धरला. एकदाच गेला होता तो मचव्यातून, आणि पहिल्या वळणावरच ओकून ओकून पिवळा झाला म्हणून उलट येणाऱ्या होडीतून परत पाठवला होता. आईने त्याला ओट्यावर निजवून कांदा हुंगवला होता. लहानपणापासून फेकाडा.

मग प्रणितनेच विषय काढला. "बाबा, खांड गेली होती ते सांगा ना." आणि शेजारी उभ्या मनस्वीला हळूच म्हणाला, "दर फेरीला सांगतात. ह्यातला दाजींचा भाग फार छान आहे, ऐका."

सरूआजीच्या कानावर ते पडलं. तिने पिशवीचे बंद घट्ट धरले. हा चार लोकांपुढे ह्यांचं नाव काढणार. दर फेरीला काढतो. परक्या माणसांनी कॅमेरे लावून ऐकायचं, की रोह्याकडचा एक जावई बांधाला पाठ दाखवून बसला होता. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता फाटकाबाहेर व्हावं. पण ती मनस्वीच्या मागे सरकून उभी राहिली.

"अवसेचं उधाण होतं," कान्हूने सुरुवात केली. "बांध फुटला तो आवाज असा, की म्हैस बसल्यागत. अख्खा गाव धावला. बायका पोरं काखेला मारून आल्या. मातीला माती लागंना, टाकू ती पाणी घेऊन जाई. आम्ही हात टेकले. आणि तवा कोण आलं म्हणता? आमचे दाजी! माझ्या बहिणीचं मालक. तिकडं डोंगराकडं त्यांची लावणी चाललीवती, रोपं उपटून ठेवलीवती. शेतकऱ्याला इचारा उपटलेलं रोप म्हंजे काय ते. तसं टाकून आले. अंगावरचा गोडा चिखल वाळला नव्हता, ते आमच्या खाऱ्या चिखलात उतरले. छातीभर पाण्यात खांडीत उभे ऱ्हायले, म्हणाले, टाका आता माती माझ्या अंगावर. माणूस उभा ऱ्हायला तवा माती ठरली. डोंगराकडचा माणूस, पोहायाबी येत नव्हतं त्यांना."

"बापरे," टोपीवाल्या बाई म्हणाल्या. "आता कुठे असतात ते?"

"गेले," कान्हू म्हणाला. चष्मा काढून त्याने सदऱ्याच्या टोकाने पुसला. "मोठा माणूस. असा मेव्हणा मिळाया नशीब लागतं."

मनस्वी आजीकडे बघत होती. आजोबा पोहण्यात तरबेज होते, कुंडलिकेच्या डोहात त्यांनीच तिला पोहायला शिकवलं होतं. आजीचा चेहरा पदराआड होता. पदर हलत होता एवढंच.

कान्हूने शेजारचा मिठाचा डबा पुढे ओढला. "आता चाखून जा मंडळी. दुकानात मिळायचं नाय हे." त्याने खाडीकाठच्या भेंडीच्या झाडाची रुंद पानं ओट्यावर मांडली आणि एकेका पानावर चिमूट चिमूट खडेमीठ ठेवू लागला. एकेक जण पुढे होऊन उचलत होता.

"हातावरच द्या की बाबा," टोपीवाल्या बाईंनी हात केला.

"नाय ताई. मीठ हातावर दिलं की भांडण होतं. मी अनुभव घेतलाय."

सगळे हसले. शेवटची सरूआजी उरली. ती ओट्यापाशी गेली आणि तिने उजवा तळहात पुढे केला. कान्हू पान शोधत होता. त्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्यात अजून धुकंच होतं. त्याला हात तेवढा दिसला.

"गो बाय, आत्ताच सांगितलं ना? खाली ठेवतो, उचल."

"हातावरच दे."

"भांडण होईल."

"होऊन गेलंय, दादूस."

कान्हूची मूठ तशीच वर राहिली. बोटांच्या फटीतून दोनचार खडे निसटून ओट्यावर पडले. चहाचे कप घेऊन आलेली नमिता दारातच थांबली. कुणाला काही कळलं नाही, पण कॅमेरेवाल्यानेही कॅमेरा खाली घेतला.

"सरू?"

तिने हात तसाच पुढे ठेवला.

"एवढा पदर कशाला ओढलायस? तोंड भाजलंय काय?"

"तुझी फेकाफेकी ऐकून लाज वाटाया लागली. शिडाच्या काठीवर बसून गेलावता म्हणे! ओकून सगळा मचवा कुणी भरला ते सांगू काय पावण्यांना?"

कान्हू हसला. त्याने मूठ तिच्या तळहातावर आणली आणि सगळं मीठ सोडलं. मग वरून दुसऱ्या हाताने तिचा हात मिटवला आणि तसाच धरून ठेवला.

"बाबा, ह्या कोण?" प्रणितने विचारलं.

"ही?" कान्हू म्हणाला. "ते भांडण म्हणालो ना, ते हे."

प्रणितला शहाणपण होतं. तो मंडळींना धक्क्याकडे घेऊन गेला. नमिता पुढे होऊन पाया पडली, "आत्या ना तुम्ही?" म्हणाली आणि मनस्वीला घेऊन आत गेली. ओट्यावर दोघंच राहिली. समोर चिखलावर पाण्याची पहिली जीभ येत होती. भरती लागली होती.

"खोटं का सांगतोस लोकांना?" सरूआजीने विचारलं.

"कनचं खोटं? आलेवते की दाजी."

"दादूस."

"आलेवते. उशिरा आले. मी तेवढा उशीर काढून टाकला."

"तवा का नाय काढलास?"

कान्हूने ओट्यावर सांडलेले खडे बोटाने गोळा केले. "तवा शेतात खारं पाणी होतं गो. गोष्टीत कुठं पाणी हाय."

"हे ऐकायाला ते पायजे होते."

"व्हय," कान्हू म्हणाला. काही गोष्टींना मातीच पुरत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पाणी पायरीला लागेपर्यंत दोघं बघत राहिली. मग कान्हूने नाक फेंदारलं.

"मघापासून भांबुर्ड्याचा वास येतोय. म्हटलं ह्या शहरातल्या लोकांनी भांबुर्डा कुठनं आणला. पिशवीत काय हाय?"

"तुला काय करायचंय?"

"नमिता! मडकं हाय काय गो घरात? मातीचं!"

घरात मडकं नव्हतं. नमिता शेजारच्या कारखान्यात गेली आणि माती भिजवायचं एक मडकं मागून, घासूनपुसून घेऊन आली. पेंढा कान्हूच्या गोठ्यात होता, जरी गोठ्यात आता मोटारसायकल बांधलेली असली तरी. मनस्वीने पाला लावला. शेंगा सरूआजीने ओतल्या. मीठ कोण घालणार म्हणून क्षणभर सगळे थांबले, तेव्हा सरूआजीने आपली मूठ उघडली. इतका वेळ तिने ती मिटलेलीच ठेवली होती. घामाने मीठ ओलं झालं होतं, अर्धं तळहाताला चिकटलं होतं. कान्हूने तिच्या हातावरून ते खरवडून घेतलं आणि शेंगांवर शिंपडलं. उरलं ते तिने चाटून टाकलं.

जाळ उतरला तेव्हा वासाने मंडळी धक्क्यावरून आपोआप परत आली. दुपार झाली होती, नदी काठोकाठ भरली होती, आणि वखारीच्या दारातले पांढरे गणपती पाण्यात उलटे दिसत होते. पाल्यावर शेंगा पसरल्या. टोपीवाल्या बाईंनी टोपी काढून बाजूला ठेवली आणि मांडी घालून बसल्या. थोडा वेळ नुसता शेंगा सोलल्याचा आवाज येत होता.

"जास्त झालंय मीठ," कान्हू म्हणाला.

"तुझंच हाय," सरूआजी म्हणाली. त्या दिवशी तिने किती शेंगा खाल्ल्या ते मनस्वीने घरी सगळ्यांना सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही.

प्रणित बोटं चोखत सरूआजीच्या शेजारी येऊन बसला. त्याला आता नातं समजलं होतं. "आजी, म्हणजे ते दाजी म्हणजे तुमचे मालक! खांड गेली त्या दिवशी तुम्हीपण आला होता का हो?"

मनस्वीने खाणं थांबवलं. कान्हूने चष्म्यावरून बहिणीकडे बघितलं. सरूआजीने हातातली शेंग सावकाश सोलली, दाणे तोंडात टाकले, आणि भरलेल्या नदीकडे बघत म्हणाली, "आलेवते की. ह्यांच्या मागंच उभी होते. पाटी देत होते मातीची. छातीच्या वर आलंवतं पाणी. मी म्हटलं, अवो, भाईर या. तर म्हणाले, तू गप, माती दे."

कान्हूने शेंगांची सालं एकत्र करून जाळावर टाकली.

"बघ," तो प्रणितला म्हणाला. "मी सांगत होतो ना."

आणि प्रणितचं लक्ष नाही असं बघून तो बहिणीकडे झुकला. "छातीच्या वर नको गो म्हणू. छातीभरच ठेव. लोकांना पटंल असं सांगावं."